बाबांचा विसराळू पेनड्राइव्ह

दुपारी जेवून लेक जरा आडवी झाली आणि बाबांनी तिचा लॅपटॉप उघडला. परवानगी घेतली होती, हे नोंदवायला हवं. "जरा घेऊ का गं?" असं त्यांनी विचारलं होतं आणि झोपेतच तिने "घ्या" म्हटलं होतं. काय, ते तिने विचारलं नव्हतं.

बाबांनी तीस वर्षं पाण्याचे मीटर तपासले. कागदावर लिहिलंय ते करायचं, झालं की पेन्सिलीने टिक करायची आणि न लिहिलेल्याच्या वाटेला जायचं नाही, ही त्यांची रीत. निवृत्तीनंतर मीटर सुटले, टिक काही सुटली नाही. त्यांचा जुना संगणक दोन वर्षं माळ्यावर पडून होता. पेनड्राइव्हवर आख्खी सिस्टिम भरून असले म्हातारे संगणक पुन्हा चालवता येतात, असं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. आता ते कात्रण भिंगाखाली धरून त्यांनी एकेक ओळ पार पाडली. कोरा पेनड्राइव्ह लावला, टिक. सिस्टिम उतरवून घेतली, टिक. ती पेनड्राइव्हवर चढवली, टिक.

शेवटची ओळ होती, 'आता पेनड्राइव्ह लावलेला संगणक बंद करून पुन्हा चालू करा आणि येणाऱ्या मेनूतून पेनड्राइव्ह निवडा.' लिहिणाऱ्याच्या मनात अर्थातच जुना संगणक होता. पण पेनड्राइव्ह लावलेला होता लेकीच्या लॅपटॉपला. बाबांनी तोच बंद केला, चालू केला, मेनूतून पेनड्राइव्ह निवडला आणि समाधानाने टिक केली.

दोन वाजता लेक उठून आली.

"बाबा, हे काय आहे?"

"नवीन सिस्टिम. छान पळतेय की नाही?"

"माझ्या फायली कुठायत?"

बाबांनी कात्रण उलटं करून पाहिलं. मागे गाद्यांची जाहिरात होती.

लेक सार्वजनिक ग्रंथालयात मुलांचा विभाग सांभाळायची. तिथे सहा संगणकांचा एक कोपरा तिने भांडून मिळवला होता. मुलं तिथे चित्रं काढत, गोष्टी लिहून छापून घरी नेत आणि दर दोन दिवसांनी काहीतरी पुसून किंवा बदलून ठेवत. रोजच्या दुरुस्तीला कंटाळून विश्वस्तांनी कोपराच बंद करायचं मनावर घेतलं होतं. आज चार वाजता शेवटची बैठक होती. मुलांना आवर कसा घालायचा, यावर पंधरा दिवस खपून तिने चाळीस पानांचं सादरीकरण केलं होतं. ते याच लॅपटॉपवर होतं आणि आता दिसत नव्हतं.

"पोरीचं सगळं पुसलंत ना?" आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"पुसा असं कागदात कुठेही नव्हतं!"

"मग काय मनाने पुसलंत?"

"मी आयुष्यात मनाने काही केलेलं नाही!"

पस्तीस वर्षांच्या संसारात आईचाही अनुभव तोच होता, त्यामुळे ती पुन्हा स्वयंपाकघरात गेली.

लेकीने ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "तासाभरात येतो, ताई. तोवर बंद करू नका आणि काही काढू नका." लेक जराशी रडली, मग तोंड धुऊन आली. नव्या सिस्टिममध्ये लिहायची सोय होती. आठवेल तसं तिने पुन्हा लिहायला घेतलं. बाबा शेजारी बसून नियम सुचवत होते. एका संगणकाला दोन पासवर्ड, सही केल्याशिवाय माउस नाही, असे त्यांचे नियम होते. तासाभरात नऊ पानं झाली. ती तिने डेस्कटॉपवर नीट जपून ठेवली.

सव्वातीनला दुरुस्तीवाला आला. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"काका, हे तुम्ही केलंत? एकट्याने?"

"कागद होता," बाबा पडेल आवाजात म्हणाले.

दुरुस्तीवाला हसला. कुणी काही बोलायच्या आत त्याने लॅपटॉप बंद केला, पेनड्राइव्ह उपटला आणि पुन्हा चालू केला. जुना पडदा आला. चाळीसच्या चाळीस पानं जिथल्या तिथे होती. आईने दुरुस्तीवाल्याला पंख्याखालची खुर्ची दिली.

"काही गेलंच नव्हतं, ताई. ही सिस्टिम पेनड्राइव्हवरूनच चालते. तुमच्या फायलींना तिने बोटही लावलं नाही."

"आणि मी आत्ता तासभर लिहिलं ते?"

"कुठे ठेवलंत?"

"डेस्कटॉपवर."

"त्या डेस्कटॉपवर?" दुरुस्तीवाल्याचं हसू मावळलं. "मग ते गेलं. हा पेनड्राइव्ह काही लक्षात ठेवत नाही. बंद केला की सगळं विसरतो, चालू केला की पहिल्यासारखा कोरा."

"चुकलं गं माझं," बाबा म्हणाले. त्यांना खरंच फार वाईट वाटत होतं.

लेक मात्र दुरुस्तीवाल्याकडे बघत राहिली. "परत सांगा."

"काय?"

"ते विसरण्याचं. म्हणजे कुणी काहीही पुसलं, बिघडवलं, तरी..."

"बंद करून चालू करायचा. झालं."

लेकीने पेनड्राइव्ह मुठीत घेतला आणि चपला घातल्या.

"अगं, लॅपटॉप?" आई ओरडली.

"राहू दे घरी!"

बैठकीत अध्यक्षांनी चष्म्यावरून विचारलं, "मुलं संगणक बिघडवतात. त्यावर तुमचा उपाय काय?"

"बिघडवू द्यायचे," लेक म्हणाली. तिने त्यांना कोपऱ्यातल्या संगणकापुढे बसवलं, बाबांचा पेनड्राइव्ह लावून तो चालू केला आणि म्हणाली, "बिघडवा, सर."

अध्यक्षांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग पडद्यावरचं एक चिन्ह पुसलं. मग दुसरं. मग अक्षरं एवढी मोठी केली की पडद्यावर एकच मावेना. लेकीने संगणक बंद करून चालू केला. सगळं जागच्या जागी होतं.

"पुन्हा बघू," अध्यक्ष म्हणाले. चौथ्या खेपेला उपाध्यक्षांनी त्यांना खुर्चीवरून उठवलं, कारण त्यांनाही बिघडवायचं होतं.

पाच वाजता घरचा फोन वाजला.

"बाबा, कोपरा राहिला! तुमच्यामुळे राहिला."

बाबांनी कात्रण आणि पेन्सिल जवळ ओढली.

"अजून पाच पेनड्राइव्ह लागतील. उद्यापर्यंत कराल?"

"करीन की," बाबा म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पण करू कुणाच्या लॅपटॉपवर?"

"माझ्याच," लेक म्हणाली.