पंप बंद करण्याचा अधिकार

संघराज्यं दीर्घ विचारमंथनातून, त्यागातून आणि थोरामोठ्यांच्या दूरदृष्टीतून जन्माला येतात. या घरातलं संघराज्य जिन्यातला दिवा गेल्यामुळे जन्माला आलं.

वडिलांच्या पश्चात तीन मजली घर तिघा भावंडांकडे आलं. तळमजल्यावर थोरले, घरात सात माणसं. मधल्या मजल्यावर मधले, चार माणसं. सर्वांत वर धाकटी बहीण, एकटी. ती शाळांचे गणवेश शिवून देई. मुलं तिला आत्या म्हणत आणि पुढेपुढे भाऊही तसंच म्हणू लागले. सुरुवातीला तिघांत नुसता तोंडी करार होता: ज्याचा मजला त्याचं राज्य, सामाईक गोष्टी सामंजस्याने. सामंजस्य इतकं दांडगं होतं की जिन्यातला दिवा गेला तेव्हा तो बदलण्याचा मान प्रत्येकाने दुसऱ्याला दिला. अंधारात मधल्यांचा पाय मुरगळला, तेव्हा कुठे राष्ट्र जागं झालं.

थोरल्यांनी उभी हयात शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं होतं. परीक्षेत हमखास येणारा आणि आयुष्यात कुठेच न येणारा विषय, असं लोक त्याबद्दल म्हणत. आता तो आला. जेवणाच्या टेबलाभोवती घटनासमिती बसली आणि जिथे भलेभले अडले तिथेच अडली.

"आमच्याकडे खाणारी तोंडं सात, आणि मत एकच?" थोरल्या वहिनी म्हणाल्या. "हा कुठला न्याय?"

"तोंडं मोजून मतं द्यायची, तर माझ्या खिडकीला कुठले पडदे लावायचे तेही तुम्हीच ठरवाल," आत्या म्हणाली. "त्यापेक्षा मी वेगळा जिना बांधून घेते."

"हवेतून?" मधल्यांनी विचारलं.

टीव्हीवर काय बघायचं यावर ज्यांचं कधी एकमत झालं नव्हतं, त्या माणसांनी यातून वाट काढली, हे खरंच कौतुकास्पद आहे. सभागृहं दोन झाली: एकात माणशी एक मत, दुसऱ्यात मजल्यागणिक एक, दोन्हीकडे मंजूर होईल तोच कायदा. जिना, फाटक आणि पंप एवढंच केंद्राकडे गेलं. जे लिहिलेलं नाही ते सगळं मजल्यांकडे, हे कलम आत्याने हट्टाने घालून घेतलं. अध्यक्षपद आळीपाळीने. राहिला न्यायाधीश.

"तो असा हवा," थोरले म्हणाले, "की ज्याला कुणी काढू शकत नाही आणि ज्याच्यावर कुणी ओरडू शकत नाही."

"म्हणजे आपले जावई," वहिनी म्हणाल्या.

थोरल्यांचे जावई समोरच्याच इमारतीत राहत आणि चष्म्यांचं दुकान चालवत. त्यांची नेमणूक तहहयात झाली. तशी ती लग्नातच झाली होती.

घर सुतासारखं सरळ चालू लागलं. जिना झाडला जाई, फाटक लागे, भांडणं रीतसर दाखल होत. मग एका रविवारी सकाळी अध्यक्ष असलेल्या मधल्यांनी जिन्याखालचं बटण दाबून पंप चालू केला आणि ते दाढी करायला बसले. वरची टाकी भरली, वाहू लागली. गच्चीची पन्हाळ पाल्याने तुंबलेली, त्यामुळे पाणी गच्चीच्या दारातून थेट आत्याच्या शिवणाच्या खोलीत शिरलं. तिथे अख्ख्या शाळेचं कापड बेतून पसरलं होतं आणि सोमवारी गणवेश पोचवायचे होते. नाही पोचले, तर शाळा पुढच्या वर्षी दुसरा शिंपी बघणार होती.

खांद्यावर ओल्या कॉलरी टाकून आत्या खाली आली. सगळं घर जिन्याखाली जमलं.

"पंप बंद करा," ती म्हणाली.

मधल्यांच्या अर्ध्या गालावर साबण होता, पण हातात घटना होती. "केंद्राला पंप 'चालू करण्याचा' अधिकार आहे. बंद करण्याबद्दल यात अक्षर नाही. आणि जे लिहिलेलं नाही ते मजल्यांकडे. हे कलम कुणाचं?"

"माझं," आत्या म्हणाली.

"अहो, बटण दाबायला हात काय झिजतात तुमचे?" वहिनी म्हणाल्या. "आत्या, तुझ्या नाकासमोर आहे ते. दाब आणि मोकळी हो."

आत्याने हात पुढे केला. बटणाशी नेला. आणि मागे घेतला.

"आज माझं कापड भिजतंय म्हणून मी एकटीने केंद्राचा पंप बंद केला, तर उद्या तुम्ही सात जण तुमच्या सोयीने माझा नळ बंद कराल. तेव्हा मी कुठल्या तोंडाने बोलू?"

"अगं, पण कापड..."

"भिजू दे. जावयांना बोलवा."

थोरल्यांनी इतकी वर्षं धडा शिकवला, पण तो कुणाला तरी कळलेला ते पहिल्यांदाच बघत होते.

जावई आले. पायरीवर खुर्ची मांडली गेली; जावई म्हणून चहाही आला. पायऱ्यांवरून पाणी उतरत होतं, म्हणून न्यायालयाने पाय वर घेतले आणि दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या.

"बंद करता येत नाही तो चालू करण्याचा अधिकार म्हणजे अधिकार नव्हे, संकट," ते म्हणाले. "ज्याला चालू करण्याचा अधिकार, त्यालाच बंद करण्याचाही, आणि ते त्याचं कर्तव्यसुद्धा. मजल्यांच्या अधिकाराला यात कुठेही बाधा नाही. अध्यक्षांनी पंप तात्काळ बंद करावा."

"तात्काळ म्हणजे?" मधल्यांनी विचारलं.

"माझा चहा संपायच्या आत."

मधल्यांनी साबणाचा हात पुसला आणि बटण दाबलं. पंप थांबला. आत्याचं कलम शाबूत राहिलं होतं आणि केंद्राची अब्रूही. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. जावयाचा त्यांना पहिल्यापासूनच अभिमान होता. दोन्ही सभागृहांनी एकमताने ठराव केला आणि तिन्ही मजल्यांवरच्या इस्त्र्या आत्याकडे रवाना झाल्या. अध्यक्ष स्वतः कॉलरी वाळवत बसले. सोमवारी गणवेश शाळेत पोचले. त्या निकालाचा दाखला घरात आजही आदराने दिला जातो.

खालच्या टाकीतलं पाणी मात्र निकालाच्या बरंच आधी संपलं होतं. पंप नुसताच फिरत होता.