अंतोनीची ड्यूटी

सकाळी मी चहाचं आधण ठेवते न ठेवते, तोच कुंपणाच्या भिंतीपलीकडून आवाज येतो, "वयनी, आज बार्थोलोम्यू! जित्तेपनी कातडी सोलली बाप्पा त्याची!"

हे इतक्या उत्साहानं सांगितलं जातं की नवख्या माणसाला वाटावं, दारावर कोवळी भेंडी आली आहे. माझी नणंद पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या हातून कपबशी सुटली होती. मी आता सरावले आहे. मी चहात साखर घालता घालता विचारते, "मंग काय झालं त्याचं?"

"काय होईन? सरळ सर्गात! बिना थांब्याची गाडी!"

हे आमचे शेजारी बेनीभाऊ. पूर्ण नाव बेनेडिक्ट सोनोने. अकोल्यात आमच्या भिंतीला लागूनच त्यांची भिंत आहे. उभा जन्म एस.टी.त कंडक्टरकी केली, आज बाळापूर तर उद्या अमरावती. लग्न केलं नाही. घरात ते एकटे आणि बाकी सगळे संत. कॅथलिकांच्या कॅलेंडरात प्रत्येक दिवसाला कोणी ना कोणी संत नेमलेला असतो, आणि त्यातले कितीतरी रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेपायी जीव दिलेली माणसं. बेनीभाऊ रोज पहाटे त्या दिवसाच्या संतासाठी मेणबत्ती लावतात, प्रार्थना करतात, आणि मग त्या बिचाऱ्याचे कसे हाल झाले ते माझ्या स्वयंपाकघरात पोचवतात.

एकदा मी अंगणात चुलीवर वांगी भाजत होते. बेनीभाऊ भिंतीवर कोपरं टेकून उभे राहिले. म्हणाले, "आज लॉरेन्स हाय वयनी. त्याले असंच जाळीवर भाजलं होतं. तं तो म्हने कसा, ही बाजू झाली, आता पलटवा!" त्या दिवशीच्या भरिताला आमच्या घरात कोणी हात लावला नाही. बेनीभाऊंनीच ते डबाभर नेलं, वर कांद्याची पात मागून घेतली.

त्यांच्या मते स्वर्गातलं कामकाज एस.टी.च्या डेपोसारखंच चालतं. ज्याचं त्याचं खातं ठरलेलं. दात अपोलोनियाकडे, कारण तिचे दात पाडले होते. डोळे लुसीकडे, घसा ब्लेझकडे. आमच्या ह्यांची दाढ सुजली तेव्हा बेनीभाऊ तातडीनं अपोलोनियाकडे बोलून आले आणि म्हणाले, "सांगतलं तिले. पन तुमी डॉक्टरकडे बी जा. ती एकली बाई, कोनाकोनाचं पाहीन?"

त्यांचा खरा जीव मात्र लहान संतांवर. ज्याचं नाव धड उच्चारता येत नाही, ज्याचं चित्र कुठे मिळत नाही, असा कोणी कॅलेंडरात आला की बेनीभाऊ त्या दिवशी प्रार्थनेला जास्त वेळ बसतात. मी एकदा म्हटलं, "बेनीभाऊ, ह्याच्याकडे कोनतं खातं हाय?" तर म्हणाले, "काईच नाई. म्हनूनच तं. मोठ्याइले गर्दी राह्यते. याच्याकडे आज कोनी फिरकलं नसन. जराक बसून येतो." एखाद्या घरी दुखवट्याला जावं तसं ते त्या संताकडे बसून येतात. मला तेव्हा हसू आलं होतं.

पण बेनीभाऊंची ओळख करून द्यायची तर ती अंतोनीशिवाय पुरी होत नाही. संत अंतोनी हा हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत. त्याची प्लॅस्टरची हातभर उंचीची मूर्ती बेनीभाऊंच्या पुढच्या खोलीत फळीवर असे. तपकिरी झगा, डोईचा रंग थोडा उडालेला. डावा हात असा वाकवलेला, की कडेवर लेकरू आहे. पण लेकरू नव्हतं. हातावर नुसती एक खाच होती.

गल्लीत कोणाचंही काही हरवलं की वर्दी बेनीभाऊंकडे. पलीकडच्या शबानाभाभींची बकरी एकदा सुटून गेली. भाभी रडवेल्या होऊन आल्या. बेनीभाऊंनी अंतोनीपुढे उभं राहून बकरीचा रंग, शिंगं, वळण सगळं सांगितलं, आणि मग पायात चपला घालून स्वतःच निघाले. भर उन्हात सगळा बाजार पालथा घातला. शेवटी ती एका मंगल कार्यालयाच्या मागे नवरदेवाचा हार खाताना सापडली. बेनीभाऊंनी तिला कानाला धरून आणलं, आधी मूर्तीपुढे उभं केलं, आणि म्हणाले, "घे. झालं तुह्यं काम." भाभींना सांगितलं, "अंतोनीनं देल्ली."

हरवलेलं शोधण्याची त्यांची सवय जुनीच. गाडीत विसरलेल्या छत्र्या, डबे, एकदा तर कोणाची कवळीसुद्धा त्यांनी मालकाला घरपोच केली होती. तरी मला राहवेना. माझ्या किल्ल्या त्यांनी गव्हाच्या कोठीतून काढून दिल्या आणि पुन्हा "अंतोनीनं देल्ल्या" म्हणाले, तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, गुडघे तुमचे सोलले. नाव त्याचं काहून?"

बेनीभाऊंनी फळीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्याचं लेकरू गेलं हाय वयनी. अशा मानसाच्या नावावर गैरहजेरी मांडाची का? मी बदली ड्यूटी करून राहिलो."

मग त्यांनी मला लेकराची हकिगत सांगितली. मूर्ती त्यांच्या आईची, मार्थाबाईंची. अंतोनीच्या कडेवर बाळ येशू असतो, आणि ह्या मूर्तीतलं बाळ खाचेतून काढता येत असे. घरात काही हरवलं की मार्थाबाई ते बाळ काढून ज्वारीच्या डब्यात लपवायच्या आणि अंतोनीला दम द्यायच्या, "काम कर, मंग लेकरू ने." वस्तू सापडली की बाळ परत कडेवर.

म्हातारपणी त्या अंथरुणाला खिळल्या. तेव्हा बेनीभाऊंच्या धाकट्या भावानं, व्हिन्सेंटनं, ते बाळ काढून खिशात ठेवलं. "मायले बरी कर, मंग लेकरू ने." माय काही बरी झाली नाही. तिला माती देऊन घरी आल्यावर बेनीभाऊ म्हणाले, "विन्सू, लेकरू वापस ठेव." विन्सू म्हणाला, "काम झालं नाई." बेनीभाऊ म्हणाले, "अबे, मेलेलं मानूस हरवलेल्यात धरत नसतात!" शब्दानं शब्द वाढला. भावकीत शेतावरून, घरावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत, पण बोटभर प्लॅस्टरच्या बाळावरून सख्खे भाऊ तुटलेले हे एवढेच. विन्सू बाळ घेऊन अमरावतीला निघून गेला, तिथेच राजापेठेत सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि कैक वर्षं दोघांचं बोलणं नाही.

दरवर्षी जूनमध्ये अंतोनीचा सण येतो. त्या दिवशी बेनीभाऊ मूर्ती पुसून लख्ख करायचे, जिलबी आणायचे आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. मधून मधून मला ऐकू येईल असं म्हणायचे, "अमरावती गाडी लागली असन आता." संध्याकाळी जिलबी आमच्याकडे यायची. ती मऊ पडलेली गार जिलबी खाताना मला विन्सूचा भयंकर राग यायचा.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेत होती. नोव्हेंबरात त्यांचा मृतांचा दिवस असतो, तेव्हा बेनीभाऊ अख्ख्या गल्लीतल्या गेलेल्या माणसांसाठी मेणबत्त्या लावतात. "वयनी, तुमच्या सासऱ्याचं पुरं नाव काय? नाव मोठ्यानं घ्या लागते." आमच्या मामंजींना, शबानाभाभींच्या अब्बांना, सगळ्यांना मेणबत्ती. पण भिंतीवरच्या मार्थाबाईंच्या तसबिरीपुढे कधी काही लावलेलं मी पाहिलं नाही. रोज फडक्यानं पुसायचे तेवढंच. आईसाठी त्यांच्यात लावत नसतील, असं मी धरून चालले.

यंदा मे महिन्यात अमरावतीला भाचीचं लग्न निघालं. मी बेनीभाऊंना सांगायला गेले, तर ते म्हणाले, "राजापेठेकडे गेल्या तं..." आणि थांबले. मग म्हणाले, "काई नाई. सावलीकडच्या खिडकीजवळ बसा." मला मध्ये पडायची वाईट खोड आहे. लग्नात अक्षता टाकल्या, जेवले, आणि रिक्षा करून सरळ राजापेठ गाठली.

विन्सूचं दुकान शोधावं लागलं नाही. तेच नाक, तेच पोट, आणि गिऱ्हाइकाला "बाप्पा, आज ऊनच ऊन" म्हणायची तीच तऱ्हा. मी ओळख सांगितली. त्यांनी हात पुसले आणि मला दुकानामागच्या खोलीत नेलं. समोर कूलर घरघरत होता, आणि कूलरच्या वाऱ्यात, स्टुलावर, पांढऱ्या रुमालाच्या घडीवर ते बोटभर बाळ उभं होतं. मी बघते आहे हे पाहून विन्सू ओशाळले. "गर्मी लय हाय ना," ते म्हणाले.

मी अकोल्याहून येताना झाडायची सगळी वाक्यं मनात घोकून आणली होती. पहिलंच वाक्य सुरू करणार, तर तेच म्हणाले, "दादानं पाठवलं का?"

"नाई. मी माह्या मनानं आली."

त्यांनी सायकलची चेन हातात घेतली. मग म्हणाले, "वापस द्याचं लय खेपा मनात येते, ताई. अंतोनीचा सन आला का खिशात घालतो, स्टँडवर बी जातो. पन हे एकदाचं देल्लं, का मंग माय गेली. जोवर हे माह्यापाशी हाय, तोवर काम बाकी हाय." मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. त्यांनी मला माठातलं पाणी दिलं.

परत आल्यावर मी बेनीभाऊंना जसंच्या तसं सांगितलं, कूलरसकट. ते म्हणाले, "पागल हाय लेकाचा," आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून कोणीही मेलं नाही. चहा उकळून उकळून काळा झाला. मी घाबरून शबानाभाभींना हाक मारली, तर त्या म्हणाल्या, "बेनीभाई तो सवेरेच निकल गए. टॉवेल में कुछ लपेटकर ऐसे सीने से लगाए थे, जैसे बच्चे को दवाखाने ले जा रहे." मी त्यांच्या ओट्यावर जाऊन खिडकीतून आत पाहिलं. फळी रिकामी होती.

दिवेलागणीला बेनीभाऊ परत आले, ते मोकळ्या हातांनी. टॉवेल खांद्यावर होता. मी त्यांच्या मागोमाग आत गेले आणि विचारलं, "अंतोनी कुठी?"

"ठेवून आलो विन्सूपाशी. लेकरू येत नाई तं बापानं जाव. त्याच्यात काय एवढं?"

"मंग? विन्सूभाऊ काय म्हनले?"

"काईच नाई. पयले कूलर सरकवला. दोघाइले हवा लागली पायजे म्हने." बेनीभाऊ हसले. "मंग त्यानंच लेकरू खाचेत बसवलं. माय बसवे तसंच, जराक वाकडं. आन् मंग ते धरून असा रडला वयनी, का गिऱ्हाईक सायकल तशीच टाकून पयालं."

फळीवर मूर्तीच्या बुडाचा गोल डाग तेवढा उरला होता. मला वाटलं, ह्या माणसाजवळ होतं ते एक माणूसही हा देऊन आला, आता हा एकटा काय करणार. मी म्हटलं, "तुमाले एकल्याले करमन का आता?"

त्यांनी टॉवेल खुंटीला टांगला. खिशातून एक मेणबत्ती काढली. मला वाटलं फळीवर लावतील, तर ते मार्थाबाईंच्या तसबिरीखाली गेले. काडी ओढली, ती विझली. दुसरी ओढली, तीही विझली. मी पुढे होऊन माचिस घेतली.

"आज कोनता संत, भाऊ?" मी विचारलं.

"आज संत नाई," ते म्हणाले. "माय." तसबिरीकडे पाहत म्हणाले, "मी विन्सूवर ओरडलो होतो, मेलेलं मानूस हरवलेल्यात धरत नसतात म्हनून. मी बी तिले कुठी मेलेल्यात धरलं होतं? साऱ्या गल्लीची मेनबत्ती लावली, तिची नाई लावली."

मी काडी ओढून हाताच्या आडोशात धरली. बेनीभाऊंनी त्यावर मेणबत्ती पेटवली, तसबिरीखाली नीट उभी केली, आणि मुक्कामाला आलेली गाडी पुकारावी तशा खणखणीत आवाजात आईचं पुरं नाव घेतलं.