गळती : निरंक

आमच्या तालुक्यात एकही सरकारी छत गळत नाही. ही बढाई नव्हे, नोंद आहे. दोन वर्षांपूर्वी 'गळतीमुक्त इमारत' मोहीम झाली, तीत एकशे बारा इमारतींची दुरुस्ती झाली, एकशे बारा समाधानपत्रं आली आणि ती सगळी माझ्या ताब्यातल्या कपाटात क्रमवार लावलेली आहेत. पावसाळ्यात त्यातली काही भिजतात, म्हणून मी ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. पिशवीचं कारण अजून कुणी विचारलेलं नाही. मी बांधकाम शाखेत कनिष्ठ सहायक आहे. तालुक्याचं नाव सांगायला वरिष्ठांची परवानगी लागते आणि वरिष्ठ या गोष्टीत आहेत, तेव्हा मूल आणि पोंभुर्णा या गावांच्या आसपास कुठंतरी समजा.

एप्रिलात दिव्यानी रामटेके नावाची मुलगी हातात पाच लिटरचा डबा घेऊन कार्यालयात आली. शिक्षण एम.एस्सी. रसायनशास्त्र, उद्योग मूलला राइस मिलच्या मागं टिनाच्या शेडमध्ये. पेंटरांकडचे उरलेले, साय धरलेले, आटलेले रंग ती गोळा करते. ते जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळते, सुकलेल्या साली दळते, त्यात मिलमधली धानाच्या तुसाची राख आणि आणखी दोनतीन गोष्टी घालते. त्यातून छताच्या भेगा बुजवणारा लेप होतो. वाळला तरी रबरासारखा ताणला जातो. सगळे रंग एकत्र आल्यामुळे लेपाला स्वतःचा असा रंग नाही. ओल्या शेणाच्या जवळ जातो.

"हे कशासाठी?" आमचे शाखा अभियंता प्रफुल येलमुले साहेब यांनी विचारलं.

"गळणाऱ्या छतांसाठी, सर."

"आमच्याकडे गळणारं छत नाही."

"एकही?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाट उघडून दाखवलं.

"पण हिवरटोल्याच्या अंगणवाडीत मी स्वतः पाहिलंय, सर. मुलं घमेल्यांच्या मध्ये बसतात."

"कधी पाहिलं?"

"मागच्या ऑगस्टमध्ये."

"तेव्हा पाहणीची परवानगी घेतली होती?"

"नाही."

"मग अधिकृतरीत्या तुम्ही तिथे नव्हता," साहेब म्हणाले, आणि तिला बसायला खुर्ची दिली. ते शिष्टाचाराला चुकत नाहीत.

दिव्यानीसोबत हिवरटोल्याच्या अंगणवाडी सेविका धुरपताबाई सिडाम आल्या होत्या. त्या दारातच उभ्या होत्या. साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि अगदी आपुलकीनं विचारलं, "बाई, तुमची इमारत गळते का? तोंडी सांगितलं तरी चालेल. लेखी दिलंत तर मात्र मला कारवाई करावी लागेल."

"कारवाई म्हंजे काय जी?"

साहेबांनी परिपत्रक वाचून दाखवलं. ज्या इमारतीत गळती आहे आणि त्या गळतीवर मान्यताप्राप्त उपाय उपलब्ध नाही, तिथली मुलं जवळच्या सुरक्षित अंगणवाडीत सामावून घ्यावीत. मान्यताप्राप्त उपायांची यादी सोबत जोडली होती. यादी कोरी होती. जवळची सुरक्षित अंगणवाडी म्हणजे हिवरा, साडेचार किलोमीटर. मुलं एकोणीस, वय वर्षं तीन ते सहा.

धुरपताबाईंनी दाराबाहेर बोट केलं. "मधात जंगल हाय, साहेब. मागल्या महिन्यात नाल्यापाशी वाघानं लटारूभाऊची गाय नेली."

"म्हणजे गळत नाही."

"नाई गळत," धुरपताबाई म्हणाल्या.

मी तशी नोंद घेतली.

येलमुले साहेब वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर सरळ नाही म्हणाले असते आणि सगळे सुटले असते. पण त्यांना मार्ग काढायची आवड आहे. त्यांनी मार्ग काढला: लेपाची चाचणी घ्यायची, मात्र न गळणाऱ्या छतावर, प्रतिबंधात्मक उपाय म्हणून. चाचणीला उतरला की लेप यादीत जाईल. लेप यादीत गेला की गळतीवर मान्यताप्राप्त उपाय आहे असं होईल. मग गळतं असं खुशाल लिहावं. ते दुरुस्तीचं प्रकरण होतं, स्थलांतराचं राहत नाही. न गळणारं छत म्हणून हिवरटोल्याच्या अंगणवाडीची निवड झाली. दिव्यानीचा चेहरा खुलला. मलासुद्धा बरं वाटलं, हे मी नाकारत नाही.

लेपासाठी रंग हवा होता, तो आमच्याच कार्यालयामागं होता. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या दौऱ्यासाठी रस्त्याकडेच्या भिंती रंगवायला पिवळ्या रंगाचे छत्तीस ड्रम घेतले होते. दौरा ऐनवेळी राजुऱ्याकडे वळला. तेव्हापासून ड्रम उन्हात उभे. आत अर्धा रंग दह्यासारखा, अर्धा दगडासारखा. नोंदवहीत मात्र 'सुस्थितीत'. टाकाऊ ठरवल्याशिवाय ड्रम देता येईनात आणि टाकाऊ म्हटलं की खरेदी कोणी केली ते निघेल. शेवटी 'निरुपयोगी, तथापि सुस्थितीत' या शब्दांवर तडजोड झाली.

पण जुन्या वस्तू नोंदवहीतून काढणाऱ्या निर्लेखन समितीतल्या एका सदस्याला शंका आली. निरुपयोगी वस्तूपासून उपयोगी वस्तू तयार झाली, तर मूळ वस्तू निरुपयोगी होती असं कसं म्हणता येईल? प्रश्न बिनतोड होता. मग दिव्यानीकडून हमीपत्र घेतलं, की सदर ड्रमांपासून मी जे बनवीन त्याचा काही उपयोग होईल अशी माझी अपेक्षा नाही. तिनं ते दोनदा वाचलं.

"यावर सही करू, सर?"

"औपचारिकता आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी नोकरीत बहुधा सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं असेल. तिनं सही केली.

साहेबांनी एकच अट घातली: तुलनेसाठी छताचा अर्धा भाग कोरा ठेवावा. "हे शास्त्र आहे," ते म्हणाले. दिव्यानी म्हणाली, हे मीच सुचवणार होते. त्या दोघांचं ज्या एका गोष्टीवर मनापासून एकमत झालं ती ही.

मे महिन्यात लेप लागला. छताच्या बरोबर मधोमध दोरी धरली, खडूनं रेघ मारली. पूर्वेकडचा अर्धा भाग घासून, धुऊन, भेगा उकरून त्यावर दोन हात दिले. मदतीला लटारू कुळमेथे होते, गाय गेलेले तेच. पालक समितीचे अध्यक्षही तेच. वर चढले तशी त्यांची जीभ सैल झाली.

"आमच्या घरच्या छपराचे कवेलू आमी दरसाली फेरतो, म्हून घर गळत नाई. ह्या सिमेटाच्या छताले काई फेरता येत नाई. अन दुरुस्ती झाली म्हून सही मात्र माह्याकडून घेतली."

"मग काऊन केली सही, भाऊ?" खालून घमेलं वर देत धुरपताबाईंनी विचारलं.

"तूनं काऊन केली?"

त्यावर दोघंही कामाला लागले. उरलेल्या अर्ध्या छतापुरते लेपाचे डबे अंगणवाडीच्या कोपऱ्यात रचून ठेवले. निकाल आला की एका दिवसाचं काम होतं.

जुलैत आम्ही पाहणीला गेलो. दोन दिवस संततधार होती. अंगणवाडीत पाऊल टाकलं आणि मला, खरं सांगतो, शाळकरी आनंद झाला. खोलीच्या पूर्वेकडच्या भागात एकोणीस मुलं, तांदळाची पोती, वजनकाटा आणि पाटी, सगळं कोरडं ठाक. पश्चिमेकडच्या भागात सहा घमेली आणि टपटप. मधली रेघ खाली जमिनीवर मारल्यासारखी स्पष्ट होती. अलीकडे ओल, पलीकडे धूळ. दिव्यानी रचलेल्या पोत्यांवर चढली. कोरड्या छताला हात लावून तिनं तळवा आम्हांला दाखवला.

साहेबांनी दोन तास घमेल्यांतलं पाणी मोजायला लावलं. नऊ लिटर भरलं. मग ते पोत्यावर बसले आणि मला मजकूर सांगू लागले.

"लेप लावण्यापूर्वी गळती?"

मी कागद पाहिला. "निरंक."

"लेप लावल्यानंतर?"

"नऊ लिटर."

"वाढ किती टक्के?"

"निरंकावरून टक्केवारी निघत नाही, साहेब."

"मग 'अमर्याद' लिहा."

दिव्यानीला आधी ही थट्टा वाटली. मग माझं पेन चाललेलं तिनं पाहिलं. "सर, जिथं लेप लावला तिथं गळत नाही. जिथं लावला नाही तिथंच गळतंय."

"तेच म्हणतोय मी. तुमच्या लेपानं पाणी अडवलं आणि बाजूच्या चांगल्या छतात ढकललं. लेपापूर्वी हे छत गळत होतं असा एक तरी कागद दाखवा."

"कागद कशाला? हे भिंतीवरचे डाग पाहा ना. आठ वर्षांचे असतील."

"डागांवर तारीख नसते, मॅडम."

साहेबांचा आवाज शांत होता आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. एका ओळीतून दुसरी ओळ बरोबर निघत होती. गळती आता प्रथमच अधिकृतपणे नोंदली गेली होती. तिच्यावरचा उपाय हेच तिचं कारण ठरल्यामुळं यादी कोरीच राहणार होती. म्हणून परिपत्रक लागू, येत्या सोमवारपासून मुलं हिवऱ्याला. कोपऱ्यातले डबे पुरावा म्हणून जागेवरच जप्त झाले. मी त्यांना लाखेची मोहर लावली. उरलेला अर्धा भाग आम्हीच लावून टाकतो, असं लटारूभाऊ म्हणाले, तेव्हा साहेबांनी त्यांना पुराव्याशी छेडछाड म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

"मी देतो लिहून," धुरपताबाई अचानक म्हणाल्या. "आधीपासून गळते. मी आली तवापासून गळते. द्या कागद."

"बाई, दोन वर्षांपूर्वी तुम्ही 'गळत नाही' असं लिहून दिलंय. आता 'गळत होतं' म्हणालात तर खोटं समाधानपत्र दिलं म्हणून चौकशी लागेल. तुम्ही घरी बसाल. सेविका नसलेल्या अंगणवाडीतली मुलं कुठे पाठवतात?"

धुरपताबाईंनी कागदासाठी पुढं केलेला हात मागं घेतला. "हिवऱ्याले," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तीन वर्साचं लेकरू साडेचार किलोमीटर चालते का जी? वाघ नसला तरी?" साहेबांनी उत्तर दिलं नाही, म्हणून ते मी लिहिलं नाही.

तरी साहेबांनी मार्ग काढलाच. निघताना ते दिव्यानीला म्हणाले की, फेरविचाराची तरतूद आहे. लेपापूर्वी छत गळत होतं असं एका तरी व्यक्तीनं लेखी द्यावं. व्यक्ती साक्षर हवी, दुरुस्तीच्या समाधानपत्रावर तिची सही नसावी, लेपात तिचा काही स्वार्थ नसावा.

दिव्यानी तीन दिवस गावात फिरली. सरपंचांची सही आहे. ग्रामसेवकांची आहे. लटारूभाऊंची आहे. ज्यांची सही नाही त्यांचा अंगठा आहे. पोषण आहार पोचवणाऱ्याला छत नक्की कुठल्या बाजूनं गळायचं ते आठवेना. दिव्यानी स्वतः बाद, कारण लेप तिचा. शिवाय त्याचा उपयोग होणार नाही असं तिनं लिहून दिलेलंच होतं. शुक्रवारी ती माझ्या टेबलाशी आली.

"तुम्हांला तर सगळं माहिती आहे, काका. तुम्ही पाहिलंय."

मी पाहिलं होतं. पण ती एकशे बारा समाधानपत्रं माझ्याच अक्षरातल्या एका मसुद्याच्या प्रती आहेत. नोकरीची अकरा वर्षं उरली आहेत. मी तिला चहा विचारला. ती नको म्हणाली आणि गेली. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

त्या रात्री मी ही हकिकत लिहायला घेतली. त्यात कुणालाही न विचारता एक सोय करून ठेवली आहे, ती आता सांगतो. वाचकहो, तुम्ही साक्षर आहात, हे इथवर आलात त्यावरून दिसतं. कोणत्याही समाधानपत्रावर तुमची सही नाही. लेपात तुमचा स्वार्थ नाही. आणि हिवरटोल्याच्या अंगणवाडीचं छत आधीपासून गळत होतं, हे तुम्हांला आता माझ्याइतकंच पक्कं ठाऊक आहे. तिन्ही अटींत बसणारे सध्या तुम्हीच आहात. चार ओळी पुरतात, खाली नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि सही. सोमवारी सकाळी दहापर्यंत अर्ज आला तर डब्यांची मोहर मी स्वतः फोडीन.

तुम्हांला वाटत असेल, गोष्टच आहे, आपला काय संबंध. सरपंचही साधारण असंच म्हणाले. हरकत नाही, ते वेगळं कळवण्याची तसदी घेऊ नका. मुदतीत ज्यांच्याकडून लेखी काही येत नाही, ते कामाबद्दल समाधानी आहेत असं नियमाप्रमाणं गृहीत धरलं जातं आणि त्यांच्या नावापुढं मी तशी नोंद घेतो.