सबनीसकाकूंचा प्रकाश

सबनीसकाकू फुलकोबीला प्रकाश देतात. ठेल्यासमोर उभ्या राहून उजवा तळहात कोबीवर धरतात आणि डोळे मिटतात. भाजीवाला तराजू घेऊन ताटकळतो. "आंटी, हाथ हटाइए तो तौलूँ," म्हणतो.

लखनौला बदली झाल्यावर इंदिरा नगरात आम्हाला शेजार मिळाला तो यांचा. काका हवाई दलातले. निवृत्तीनंतर त्यांनी इथेच घर घेतलं आणि लवकरच गेले. पुढे कुणीतरी काकूंना हजरतगंजमधल्या एका जपानी पंथाच्या केंद्रात नेलं. तळहातातून दैवी प्रकाश निघतो, त्याने सगळं शुद्ध होतं, अशी त्या पंथाची श्रद्धा. शिबिर करून, गळ्यात लॉकेट घालून काकू परतल्या आणि गल्लीतलं काही म्हणून अशुद्ध ठेवलं नाही. मिश्राजींचा गुडघा झाला, आमचा इन्व्हर्टर झाला. माझी स्कूटर तरीही सुरू होईना, तर म्हणाल्या, "अरे, आतली सफाई चालू आहे तिची."

एकदा जपानहून त्यांचे गुरुजी आले. काकूंनी त्यांना पुरणपोळी वाढली, वर हौसेने इथली प्रसिद्ध बास्केट चाट मागवली. थोड्या वेळात गुरुजी पोट धरून बसले. काकूंनी लगेच त्यांच्या पोटासमोर तळहात धरला.

"सफाई," त्या मला हळूच म्हणाल्या.

गुरुजी माझ्याकडे वळून स्वच्छ हिंदीत म्हणाले, "भाई साहब, कोई गोली मिलेगी?"

मी गोळी आणली. काकूंनी आधी तिला प्रकाश दिला, मग गुरुजींना दिली.

यंदा माझी कंबर धरली, तेव्हा काकू रोज संध्याकाळी येऊन माझ्या कमरेमागे तळहात धरून बसायच्या. डॉक्टरांच्या औषधाने म्हणा, कशाने म्हणा, मी बरा झालो.

"उद्यापासून नाही आलात तरी चालेल, काकू."

"अच्छा," त्या म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. जरा वेळाने म्हणाल्या, "मग आज तू मला देशील?"

"मी? मी कुठे शिबिर केलंय?"

"नियमात बसत नाही. कुणाला सांगू नकोस. केंद्रात सगळे एकमेकांना देतात रे, इथे मला द्यायला कोण आहे?"

त्या पदर सारखा करून समोर ताठ बसल्या, डोळे मिटले. मी ओशाळून तळहात धरला. हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले. माझा हात मात्र भरून आला.

"दुखत असेल तर घे खाली," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

"नाही दुखत," मी म्हणालो, आणि डाव्या हाताने कोपराला टेकू दिला.