पहिलं गाणं आणि दुसरा ब्रेक

वेळ पाळण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी म्हणत नाही, माझ्या दुकानात चष्म्याचा नंबर काढायला येणारी मंडळी म्हणतात. सव्वाअकराची वेळ दिली की सव्वाअकराला तुमची हनुवटी मशीनवर टेकलेली असते आणि मी समोर बसून विचारत असतो, 'खालची ओळ दिसते का?' फक्त एकाच ठिकाणी माझं हे गणित गेली बावीस वर्षं चुकत आलंय. ते ठिकाण म्हणजे आमचा बँड.

आमचा म्हणजे मी त्यात वाजवत नाही हो. ऐकतो. चार माणसांचा बँड, पण जीव सगळा ड्रमवाल्यात. त्यांचं एक गाणं आहे, त्याला आम्ही चाहते नुसतं 'पहिलं गाणं' म्हणतो, कारण ते कार्यक्रमात पहिलंच वाजतं. बारा मिनिटांचं. सुरुवातीची तीन मिनिटं तर नुसता ड्रम! ड्रमवाल्याचे हात ताजे असतानाच ते जमतं, त्यामुळे ते नंतर कधी वाजवत नाहीत, आणि त्याचं रेकॉर्डिंगही त्यांनी कधी काढलं नाही. तुम्ही उशिरा आलात, की गेलं. कितीही ओरडा.

मी चारदा ते हुकवलंय. पहिल्या वेळी बस मला चहाच्या टपरीवर सोडून निघून गेली. दुसऱ्या वेळी पंक्चर. तिसऱ्या वेळी मी वेळेवर पोचलो, पण चुकीच्या दारावर रांगेत उभा राहिलो, आणि ती रांग निघाली भांड्यांच्या प्रदर्शनाची. चौथ्या वेळी मी मैदानात होतो, अगदी आत, पण प्रसाधनगृहात होतो. कडी अडकली. पत्र्याच्या दाराआडून नुसती धडधड ऐकू येत होती, ती ड्रमची की माझ्या छातीची, कळेना.

आणि यंदा जाहीर झालं की ड्रमवाला साठीला आला, मनगटं दुखतात, या दौऱ्यानंतर पहिलं गाणं कायमचं बंद. दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम आमच्यापासून तीनशे किलोमीटरवर. म्हणजे आता नाही तर कधीच नाही! मी दोन तिकिटं काढली, एक माझं, एक बायकोचं, आणि प्रवासाचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. कार्यक्रम दुपारी साडेचारला. रस्ता सहा तासांचा. निघायचं सकाळी साडेसहाला. पंक्चरला वीस मिनिटं, चहाला बारा, कडी अडकली तर दहा.

बायकोने तक्ता वाचला आणि विचारलं, "श्वास कधी घ्यायचा, तेही लिहून ठेव ना."

आदल्या दिवशी दुपारी माझ्या गाडीचा क्लच गेला. गॅरेजवाल्याने गाडीखालूनच सांगितलं, सोमवारी या. त्या गावाला बस दिवसातून एकच, ती पोचते संध्याकाळी सहाला. मी सोफ्यावर असा काही बसलो की बायकोला माझी दया आली, आणि तिने तिच्या आईला फोन लावला. तेव्हाच तो फोन मी हिसकावून घ्यायला हवा होता.

माझ्या सासूबाई ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. एकतीस वर्षं. शहरातली अर्धी माणसं त्यांच्या हाताखालून गाडी शिकलीत आणि उरलेली अर्धी त्यांना घाबरून पायी चालतात. त्यांच्याकडे एक पिवळी गाडी आहे. टपावर पाटी, पुढे-मागे लाल 'एल', आणि शेजारच्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक. शिकणाऱ्याने घोटाळा केला की शिकवणाऱ्याने तिथून गाडी थांबवायची. ही गाडी त्या मला द्यायला तयार झाल्या, पण त्यांच्या शाळेचा नियम पक्का होता. त्या गाडीत चालवणारा एकटा बसत नाही. दुसऱ्या ब्रेकवर सासूबाईंचाच पाय हवा.

बायकोने स्वतःचं तिकीट आईला दिलं. "तू चल ना," मी काकुळतीला येऊन म्हटलं, "मागे बस." ती म्हणाली की हा प्रवास तिला बघण्यापेक्षा ऐकायला जास्त आवडेल.

मला परवाना मिळून अठरा वर्षं झालीत, हे मी इथे नोंदवून ठेवतो. पण घराच्या उंबऱ्यावर 'या जावईबापू' म्हणणाऱ्या सासूबाई त्या गाडीचं दार लागलं की वेगळ्याच होतात. सकाळी साडेसहाला मी किल्ली फिरवली. त्या म्हणाल्या, "आरसा."

मी आरसा बघितला.

"बघितलात, पण बघितल्यासारखं केलं नाहीत. मान वळली पाहिजे."

मान वळवली. मागच्या काचेवर मी पहाटेच जाऊन बँडचं मोठं, चांदीच्या रंगाचं स्टिकर लावून आलो होतो. सासूबाईंनी ते 'एल'च्या खाली असेल या अटीवर चालवून घेतलं होतं. पुढे निघालो आणि गाडीने पंचेचाळीसचा आकडा ओलांडला, तसा गाडीला गचका बसला. मला वाटलं इंजिनात काही अडकलं. अडकलं नव्हतं. सासूबाईंचा पाय होता.

मग दिवसभर हेच. मी वेग द्यायचा, त्यांनी काढून घ्यायचा. रिकामा सरळ रस्ता, दोन्हीकडे शेतं, समोर एक म्हैस, तीही अर्धा किलोमीटरवर. ब्रेक! मी म्हटलं, "आई, ती रस्त्यावर नाहीये." त्या म्हणाल्या, "तिने अजून ठरवलेलं नाहीये."

अकरा वाजता एका नाक्यावर हवालदाराने हात केला. त्याने आधी पाटी बघितली, मग माझे पिकलेले कल्ले बघितले, आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. या वयात शिकायला निघालात, कौतुक आहे, असं म्हणाला. त्याचे वडीलही असेच घाबरायचे म्हणे. मी परवाना काढायला खिशात हात घातला, तेवढ्यात सासूबाईंनी अगदी शांतपणे सांगितलं, "प्रयत्न करतायत." झालं! हवालदार पुढे झाला आणि शेजारच्या चढावर गाडी उचलून दाखवा म्हणाला, त्याशिवाय आत्मविश्वास यायचा नाही म्हणे. रागाच्या भरात मी क्लच भसाभस सोडत होतो. गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा चढली, तेव्हा नाक्यावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यात पाव तास गेला. पुढे चहाला थांबलो तर टपरीवालीने पाटी बघून सासूबाईंकडे चौकशी केली आणि सासूबाईंनी तिला कपबशा मांडून चौकातले नियम शिकवले. माझी बशी ट्रक झाली होती, त्यामुळे चहा मी नुसत्या कपानेच प्यायलो.

दोन वाजता घाट लागला, तेव्हा माझा तक्ता केव्हाच कोलमडला होता. पण आशा होती. घाट उतरला की मैदान तासाभरावर! साडेचारच्या आत पोचणार, फक्त मध्ये काही आडवं यायला नको.

आडवं काही आलं नाही. मागून आलं. एक राखाडी व्हॅन, टपावर दोरीने बांधलेलं सामान. अरुंद रस्ता, वळणावर वळण, आणि आमचा वेग तीस. व्हॅनवाल्याने हॉर्न धरला तो सोडेचना. दहा मिनिटांनी हॉर्नचाच गळा बसला आणि तो बंद पडला.

मध्यावर रस्ता थोडा रुंद होतो. सासूबाई म्हणाल्या, "घ्या कडेला. जाऊ द्या त्यांना, घाईत दिसतायत."

इथे, वाचकहो, माझ्या मनात पाप आलं. ती लादलेली व्हॅन पुढे गेली तर चढावर रांगणार, तिच्या मागे मी रांगणार, आणि माझं पहिलं गाणं पुन्हा जाणार. दिवसभर शिकाऊ म्हणून ऐकून घेतलं होतं, तर म्हटलं शिकाऊचाच फायदा उठवू. सासूबाईंनी शाळेसाठी एक पुस्तिका लिहिली आहे. मी घसा खाकरून म्हटलं, "आई, नियम सतरावा. मागच्याला पुढचा रस्ता स्वच्छ दिसत नसेल, तर त्याला वाट देऊ नये."

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. एकतीस वर्षांत सतरावा नियम कोणाच्याही लक्षात राहिला नव्हता म्हणे. त्यांचा आवाज जड झाला. "चालवा," त्या म्हणाल्या, "मधूनच चालवा." वर त्यांच्या पुस्तिकेतल्यासारखा हात बाहेर काढून, तळवा खाली करून, 'हळू या' अशी खूण करायला सांगितली. मी केली. चांगली झोकात केली.

तेव्हा मागे पत्रा बडवल्याचा आवाज सुरू झाला. आरशात बघितलं. मान वळवून! व्हॅनच्या खिडकीतून एक माणूस कमरेपर्यंत बाहेर आला होता आणि त्याच्या दोन्ही हातांत दांडकी होती.

"आई, काठ्या काढल्या त्यांनी! काच वर करा!"

मी माझी काच गरागरा वर केली. सासूबाईंनी केली नाही. त्यांना गाडीत वारा लागतो. उलट त्या बाहेर कान देऊन म्हणाल्या, "बरं वाजवतोय की हो."

"कसलं बरं, आई! मारामारीची तयारी आहे ती!" असं म्हणून मी गाडीतला रेडिओ मोठा केला, त्यावर खतांच्या फवारणीची माहिती चालू होती. चाळीसेक मिनिटं तो माणूस बडवत होता आणि मी फवारणी ऐकत होतो. घाट संपता संपता व्हॅनच्या बॉनेटमधून वाफ निघाली आणि ती कडेला थांबली. पहिल्या गिअरमध्ये रांगून रांगून तापली असणार. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं.

चार वाजून दहा मिनिटांनी मी मैदानात होतो. बावीस वर्षांत पहिल्यांदा स्टेजसमोर! वेळेच्या आधी! तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. प्रसाधनगृहाकडे मी ढुंकूनही बघितलं नाही. बायकोला फोन करून सांगितलं, तर तीही हरखली. माझे डोळे भरून आले होते, आणि डोळे हा तर माझा धंदा.

साडेचार वाजले. पावणेपाच. सव्वापाच. मैदान सातला रिकामं करायचं होतं, तसं तिकिटावर लिहिलेलंच होतं. लोक शिट्ट्या मारायला लागले. पावणेसहाला बँड आला. गायक माईककडे निघाला, पण ड्रमवाल्याने त्याला बाजूला केलं. त्याच्या दोन्ही मनगटांना ओली फडकी गुंडाळली होती.

"माफ करा," ड्रमवाला म्हणाला, "आमची नेहमीची बस बिघडली, म्हणून भाड्याच्या व्हॅनने निघालो. घाटात एक पिवळी गाडी पुढे आली. शिकाऊ."

मी पुढच्या माणसाच्या पाठीआड सरकलो.

"हॉर्न बंद पडला. बघतो तर त्या गाडीच्या मागे आपलंच स्टिकर! म्हटलं, हा तर आपला माणूस. याला पहिलं गाणं ऐकवलं की ओळखेल आणि बाजूला होईल. व्हॅनच्या पत्र्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. एकदा नाही, तीनदा. पठ्ठ्याने काच वर केली." त्याने हात वर करून फडकी दाखवली. "आता आज हे हात ते गाणं पुन्हा वाजवू शकत नाहीत. आणि यापुढे तर नाहीच. बाकीची गाणी सोपी आहेत, ती ऐका."

सगळं मैदान त्या गाडीच्या नावाने ओरडलं. मीही ओरडलो. सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो, कोणाला शंका यायला नको! शेजारी सासूबाईंचा हात वर जायला लागला होता. मी तो धरून खाली घेतला.

"लपवायचं कशाला?" त्या म्हणाल्या. "आपण सतराव्या नियमाने चाललो होतो."

"आई, पाया पडतो."

त्यांनी हात मांडीवर ठेवला. बँडने दुसरं गाणं धरलं, मग तिसरं. मला काही ऐकू येत नव्हतं. बावीस वर्षं, पाच प्रवास, आणि आयुष्यात एकदाच तो ड्रमवाला फक्त माझ्यासाठी, वीस फुटांवरून, तीनदा वाजवत होता. मी फवारणी ऐकली! मी मान खाली घालून बसलो. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही ज्याच्यासाठी एवढा जीव टाकत होतात, ते तेच का? मघाचं?"

मी मान हलवली.

"मग वाईट नका वाटून घेऊ. छानच होतं. मी सगळं ऐकलं, तीनही वेळा. दुसऱ्या वेळी तर फारच रंगलं होतं." आणि जरा थांबून म्हणाल्या, "मी सांगत होते तुम्हाला, बरं वाजवतोय."

परतीच्या वाटेवर मी खूप विनवण्या केल्यावर त्यांनी ते मला डॅशबोर्डवर दोन बोटांनी वाजवून दाखवलं. पूर्ण बारा मिनिटं, एक ठोका चुकला नाही. त्यामुळे यापुढे कोणी विचारलं, तर मी छातीठोकपणे सांगणार आहे की पहिलं गाणं मी प्रत्यक्ष ऐकलंय. फक्त मधेमधे ब्रेक होते, एवढंच.