डोंगरावर उतरवलेलं विमान

विमानाचा नकाशा वाचण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्मायचाय! मी सिद्धोधन, पेडगावचा एकुलता एक वैमानिक. सहा वर्षं प्रवासी विमान चालवतो. आमच्या कंपनीला विमान उतरवण्याचे नकाशे पुरवणाऱ्या दोघांपैकी एक निवडायचा होता. चटकन वाचता येणारा नकाशा कुणाचा, सुरक्षित कुणाचा? हे पारखायचं काम माझ्यावर आणि कॅप्टन निकितावर आलं. मी म्हटलं, "मॅडम, आमच्या रानात हुरडा खायला या. तासाभरात निकाल लावू!"

बांधावर बाज टाकून दोन्ही नकाशे पसरले. पहिला माझा लाडका. त्यातले आकडे म्हणजे गुळाच्या ढेपेला लागलेले मुंगळे! दुसरा मोकळाढाकळा, ठळक अक्षरांचा.

"हा लहान लेकरांसाठी असावा," मी नाक मुरडलं.

तेवढ्यात शेजारचे किशनराव आले. नकाशावरच्या रेघा बघून ओरडतच सुटले, "पळा रे! रानातून रस्ता जायलाय! मोजणीवाली बाई आलीय!"

दहा मिनिटांत अर्धं पेडगाव बाजेभोवती! बायनाबाई काकू तर शेळ्यांसकट हजर. "माझ्या रानात पाय ठिवून तर बघा!"

"काकू, विमानाचा नकाशा हाय ह्यो!"

"मंग आमाला समजून सांग की!"

मला तेवढंच पाहिजे होतं! घसा साफ करून माझा लाडका नकाशा पुढं ओढला. "समजा, लय ढग हायत, खालचं काईच दिसंना. तर इमान किती खाली आणायचं? ह्यो बघा आकडा. दोन हजार नऊशे फूट!"

निकिता मॅडमना ठसका लागला. "सिद्धोधन, ती डोंगराच्या शेंड्याची उंची आहे! आपली मर्यादा शेजारी लिहिलीय, तीन हजार नऊशे!"

"म्हंजी ह्यानं डोंगरावरच घातलं की इमान!" किशनराव म्हणाले आणि सगळं रान खदखदून हसलं.

मला मात्र हसू येईना. भर दुपारी, बाजेवर बसून ही गत. मग ढगांत, मागं दीडशे माणसं बसलेली असताना? दुसऱ्या नकाशात तोच मर्यादेचा आकडा पहिल्या नजरेत सापडला.

"लिहू का माझी चूक अहवालात?" मी हळूच विचारलं.

"लिहाच," मॅडम म्हणाल्या. "नकाशा कुठे फसवतो, ते त्याशिवाय कळणार कसं?"

लिहिली, जशीच्या तशी. नोकरी गेली असंच धरून चाललो होतो. पण कंपनीनं दुसरा नकाशा घेतला, वर मला शाबासकी! आता प्रत्येक नव्या वैमानिकाला शिकवताना माझ्या चुकीचा दाखला देतात. नाव अर्थातच गुप्त ठेवलंय. नुसतं म्हणतात, 'आपल्या कंपनीतला पेडगावचा एक वैमानिक!'