बोटीच्या तीन पाट्या

माझ्याकडे एके काळी स्वतःची बोट होती. हसू नका! हे वाक्य ज्याला ज्याला ऐकवलं, तो आधी माझ्या चपलांकडे बघतो आणि मग हसतो. पण होती! अठरा फूट लांब, पांढरी, बाजूने निळा पट्टा, मागे इंजिन, पुढे सुकाणूचं चाक, वर उन्हासाठी कापडी छत. रविवारी मी तिच्यातून तलावात फेरी मारून आलो, की धक्क्यावर गळ टाकून बसलेली माणसं आपापले डबे आवरून मला जागा करून द्यायची.

आता अगदी खरंच सांगायचं, तर ती एक तृतीयांश माझी होती.

मी तेव्हा विमा कचेरीत कारकून. कचेरीच्या खाली एका शिंप्याचं दुकान, आणि त्याला लागून एका फिटरचं वर्कशॉप. मधल्या सुट्टीत आम्ही तिघं फिटरच्या टेबलावरचे पाने-पक्कड बाजूला सारून डबे उघडायचो. तिथेच एक दिवस शिंपी म्हणाला, "ते रिटायर पोस्टमास्तर मुलाकडे राहायला चाललेत. बोट विकतायत. मागून मागून किती मागतील? तिघांत पडेल की!" त्या वयात 'तिघांत पडेल' एवढं ऐकलं की माणसाला हत्तीसुद्धा परवडतो. आम्ही बोट घेऊन टाकली.

पोस्टमास्तरांनी एका दुपारात शिकवणी उरकली. त्यांची गाडी संध्याकाळची होती, म्हणून आम्ही विषय वाटून घेतले. फिटर इंजिन शिकला, मी सुकाणू शिकलो, शिंपी दोर बांधायला आणि सोडायला शिकला. दुसऱ्याचा विषय पुढे सवडीने शिकायचा, असं ठरलं. ती सवड काही आली नाही.

घरी मात्र 'तिसरा हिस्सा' हे शब्द माझ्या तोंडातून निघेनात. बायको म्हणाली, "बोट? आपली?" तिचे डोळे असे काही चमकले, की मी म्हणालो, "मग! आपलीच!"

"आणि ते दोघं कोण असतात बरोबर?"

"ते होय? खलाशी आहेत. ठेवलेत मी."

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी भीत भीत हे कबूल केलं. फिटरचा घास घशातच अडकला. त्याने घरी आईला हेच सांगितलं होतं! आणि शिंप्याने तर बायकोला आम्हा दोघांचे पगारसुद्धा सांगून ठेवले होते. माझा फिटरपेक्षा कमी!

मग काय, मालकी फिरती केली. पहिला रविवार माझा, दुसरा शिंप्याचा, तिसरा फिटरचा, चौथा बोट धुण्याचा. ज्याचा रविवार तो मालक. त्याने पांढरी टोपी घालायची आणि बाकीच्या दोघांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून "आलो साहेब, झालं साहेब" करायचं. मालकाला स्वतःचं काम करावंच लागे, तेव्हा बाकीचे दोघं घरच्यांना म्हणत, "साहेबांना हौस आहे हो, ऐकत नाहीत!" पाट्यांची कल्पना शिंप्याची. बोटीच्या कुशीला दोन हूक होते. ज्याचा रविवार, त्याच्या घरच्या बाईच्या नावाची पत्र्याची पाटी त्यांवर अडकवायची. दोन पाट्या आमच्या बायकांच्या, एक फिटरच्या आईची, कारण फिटरचं लग्न व्हायचं होतं. उरलेल्या दोन पाट्या मागच्या फळीखालच्या पेटीत जात.

वर्षभर हे बिनबोभाट चाललं. आणि आता इतक्या वर्षांनी सांगतो, मला मालक होण्यापेक्षा खलाशी होण्यात जास्त मजा यायची. शिंप्याच्या रविवारी मी मुद्दाम दोनदा "साहेब" म्हणायचो, तो टोपीखाली लाजायचा, आणि फिटर हसू दाबायला इंजिनात डोकं खुपसायचा. असे रविवार पुन्हा आले नाहीत.

आता माझ्या सासऱ्यांकडे येतो. ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. गावोगावच्या दुकानदारांची तागडी ज्यांना बघून थरथरायची, ते हेच. आमचं लग्न त्यांना मान्य नव्हतं. "ज्या गृहस्थाच्या मालकीची धड छत्री नाही, त्याच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही," असं म्हणाले, आणि चार वर्षं खरंच ठेवलं नाही. बायको दर महिन्याला त्यांना पत्र लिहायची. पोस्टमनची घंटा वाजली की हातातलं काम टाकून दाराशी जायची आणि रिकाम्या हाताने परत येऊन पुन्हा कामाला लागायची. मला ते फार लागायचं.

तिने बोटीबद्दल लिहिलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा उत्तर आलं. तीन ओळी! 'रविवारी येतो. आधी बोट पाहीन. मग घरी यायचं, की पाचच्या बसने परत जायचं, ते ठरवीन.' त्या आठवड्यात बायकोने पाहुण्यांच्या खोलीतली चादर तीनदा बदलली.

रविवार माझाच होता. मी दोघांना बजावलं, "आज जरा जास्तच साहेब म्हणा. माझ्या संसाराचा प्रश्न आहे!" फिटर म्हणाला, "काळजी सोड. आज तुला मी खुद्द साहेबांचा साहेब करतो."

सासरे बॅग घेऊन थेट धक्क्यावर आले. देह चांगलाच भरभक्कम. खिशातून लाकडी घडीची पट्टी काढून त्यांनी आधी धक्क्याचीच एक फळी मोजली आणि नापसंतीने मान हलवली. मग कुशीवरचं मुलीचं नाव वाचलं. दोनदा वाचलं. बॅग सांभाळत ते बोटीत उतरले आणि मागच्या फळीवर बसले. बोट वीतभर खाली गेली. पुढे माझ्याशेजारी बसलेल्या बायकोने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर चार वर्षांनी आलेला तो आनंद बघून मला वाटलं, जिंकलो!

"दोर सोड रे!" मी टोपी सावरत हुकूम दिला. "जी साहेब!" म्हणत शिंप्याने दोर सोडला. आणि तेवढ्यात धक्क्यावरून आवाज आला, "अहो! हे काय चाललंय?"

शिंप्याची बायको! आणि तिच्या मागे फिटरची आई!

झालं होतं असं, की आदल्या दिवशी फिटरची आई शिंप्याच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "माझ्या मुलाच्या बोटीचं छत शिवून झालं का?" गल्ल्यावर शिंप्याची बायको होती. ती म्हणाली, "तुमच्या मुलाच्या? मावशी, बोट आमची आहे!" रात्रभर दोघींना झोप नाही. सकाळी दोघी सोक्षमोक्ष लावायला निघाल्या, वाटेत कोणी कोणाशी बोललं नाही, आणि आल्या आल्या दोघींनी एकदमच बोटीत पाय टाकले. त्या रेट्याने बोट सुटली ती तलावात निघाली.

"इंजिन सुरू कर रे!" मी ओरडलो.

"रे?" फिटरची आई कडाडली. "मालकाला रे म्हणतोस? काय रे बाळा, या सुकाणूवाल्याला एवढं डोक्यावर बसवलंस तू?"

फिटरचा हात इंजिनाच्या दोरीवरच थिजला. तो माझ्या कानाशी आला. "आईसमोर तुझा हुकूम कसा ऐकू? एकदा फक्त साहेब म्हण, लगेच सुरू करतो."

"सासऱ्यांसमोर तुला साहेब म्हणू?"

"मग बस."

इकडे शिंपी दोराचं वेटोळं धक्क्याकडे फेकायला उभा राहिला, तर त्याची बायको म्हणाली, "तुम्ही खाली बसा हो! त्या टोपीवाल्याला फेकू दे. एवढा पगार कशाचा घेतो?" शिंपी खाली बसला. बोटीत तीन मालक होते आणि खलाशी एकही नव्हता! वाऱ्याने आम्हाला उलटं ढकलत नेलं आणि बोटीचं बूड लव्हाळ्यांमागच्या चिखलात जाऊन रुतलं.

आणि त्या हिसक्याने सासऱ्यांखालची फळी मोडली. ते पेटीत बसले. दोघांनी हात देऊन त्यांना वर काढलं, तेव्हा त्यांच्या हातात दोन पाट्या होत्या.

त्यांनी त्या शांतपणे वाचल्या. "गृहस्थ," ते मला म्हणाले, "कुशीवर माझ्या मुलीचं नाव आहे. या दोघी कोण?"

"ते माझं नाव आहे!" शिंप्याची बायको म्हणाली.

"आणि हे माझं!" फिटरची आई म्हणाली.

सासऱ्यांनी एकदा तिशीतल्या वहिनींकडे बघितलं, एकदा सत्तरीतल्या मावशींकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती आठवली की मला अजून घाम फुटतो. मी बायकोकडे बघायचं टाळत होतो. पण बघितलं. तिचा चेहरा विझला होता. पोस्टमन पुढे निघून गेल्यावर व्हायचा ना, अगदी तसाच.

मग मात्र मला राहवलं नाही. मी टोपी काढली. "मामा, बोट माझी नाही. म्हणजे तिसरा हिस्सा माझा आहे. एक हिस्सा यांचा, एक यांचा. खलाशी कोणी नाही. किंवा आम्ही तिघंही खलाशीच. मी खोटं बोललो. तुमच्या मुलीला यातलं काही माहीत नव्हतं."

एवढं ऐकल्यावर शिंपी उठला. "मीही बोललो." फिटर उठला. "मीसुद्धा, आई."

मग बोलली ती माझी बायको. रडवेली झाली होती, पण मान ताठ होती. "बाबा, बोटीचा तिसरा हिस्सा छत्रीपेक्षा मोठाच असतो!"

सासऱ्यांनी थोडा विचार केला. मग पट्टी काढली. बोटीच्या टोकापासून वाकून वाकून मोजत आले. आम्ही पाय वर घेत होतो. "अठरा फूट. म्हणजे सहा-सहा. त्यातले तुमचे सहा कुठले?"

"पुढचे, मामा. मधले शिंप्याचे. मागचे इंजिनाचे, म्हणून फिटरचे."

"म्हणजे इतका वेळ मी परक्याच्या हिश्श्यात बसलो होतो?" असं म्हणून त्यांनी बॅग उचलली, सगळ्यांना ओलांडून पुढे आले, आणि माझ्या बायकोशेजारी, आमच्या सहा फुटांत बसले. "आता ठीक आहे."

त्यांचं ते वजन पुढे आलं मात्र, मागचं बूड चिखलातून 'फस्स' करून वर आलं! बोट मोकळी झाली! बायको हसता हसता रडायला लागली आणि त्यांनी खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला.

इंजिनात गवत अडकलं होतं. आम्ही तिघं मांडीभर पाण्यात उतरून बोट ढकलत धक्क्याकडे निघालो. मावशी फिटरला आणि वहिनी शिंप्याला अजून बोलतच होत्या. चाकावर सासरे बसले होते, आणि कोणी सांगायच्या आत टोपी त्यांनी स्वतःच उचलून घातली होती. "डावीकडून जोर लावा! शिंपी, झोपू नका! जावईबापू, तुम्हालाही सांगतोय!"

जावईबापू! त्या गढूळ पाण्यात उभं राहून मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

पाचची बस त्यांनी सोडली. आमच्या घरी तीन दिवस राहिले, खोलीतलं प्रत्येक दार मोजलं, आणि जाताना म्हणाले, "चौथा रविवार नुसता धुण्यात घालवता? चार हिस्से करा." पुढची अकरा वर्षं दर महिन्याच्या चौथ्या रविवारी ते येत. सोबत कचेरीतले जुने सहकारी, शेजारी, कोणी ना कोणी असे. ते टोपी घालत आणि आम्ही तिघं पँटी दुमडून "आलो साहेब" करत असू. त्यांच्या रविवारी आम्ही हसलो नाही. काय माहीत, ते साहेब म्हणणं आमच्याही नकळत खरं झालं होतं.

आता बोट नाही. लाकूड कुजलं, कोणीतरी इंजिन नेलं. शिंपी गेला. फिटर मुलाकडे राहतो, फोन केला की आधी "बोला साहेब" म्हणतो. आणि सासरे गेले त्यालाही बरीच वर्षं झाली.

ते गेले तेव्हा भेटायला बरीच माणसं आली होती. त्यांत एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे निरखून बघत बसले होते. शेवटी उठून जवळ आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"तुम्ही यांच्या बोटीवर कामाला होतात ना? मी ओळखलं! फार बोलायचे हो तुमच्याबद्दल. म्हणायचे, हुशार नाही, पण माणूस खरा आहे. इतका आवडला, की त्या खलाशाला मी माझी मुलगी देऊन टाकली!"

बायको शेजारीच उभी होती. मी मान खाली घातली.

"हो," मी म्हणालो. "मालक फार चांगले होते आमचे."